शिवार, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र : गावाच्या आहारशिक्षणातील तीन भागीदार



खरिपाची सुगी आटोपली की घरात धान्याची पोती येतात. सोयाबीन, कापूस बाजारात जातो, तुरीला शेंगा लागलेल्या असतात, बांधावर शेवगा असतो. नेमक्या याच दिवसांत गावच्या उपकेंद्रात एखाद्या गरोदर सुनेचे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ-नऊ निघते. घरात खायला नाही असे नाही. तरीही बाई फिकी, पोर किरकिरे आणि वजनाच्या काट्यावर महिनोन्महिने तिथेच, असे चित्र चांगल्या बागाईतदाराच्या घरीही दिसून येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हेच सांगतात. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाची आढळली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. बोटाच्या टोकातून रक्त घेऊन तपासण्याच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, म्हणून या वाढीवर फार जोर देऊ नये. परंतु निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी, हे मात्र कोणी नाकारत नाही. मुलांच्या उंचीचेही तसेच. वयाच्या मानाने खुज्या राहिलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांपर्यंत खाली आले आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्क्यांवर, म्हणजे तिथेच अडून राहिले. पहिल्या दहा वर्षांत जी गाडी चालली ती पुढे का थांबली, याचा विचार केवळ आरोग्य खात्याने करून भागणार नाही. ताटात येते ते शिवारातून, आणि शिवार आपल्या हातात आहे.

रक्त कमी म्हणजे नेमके काय?

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो व ते तयार होण्यास लोह लागते. बिगर गरोदर स्त्रीत १२ ग्रॅम, गरोदर स्त्रीत ११ ग्रॅम आणि पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर त्यास रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणी ते ७ च्या खाली गेले तर प्रकरण गंभीर समजावे व दवाखाना गाठावा. अशा बाईस बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेततो. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा बरोबर घेऊन येते आणि पहिले सहा महिने त्यावरच काढते. आईकडेच तुटवडा असेल तर बाळाची शिदोरी जन्मतःच कमी भरते.

लोहाची गरज पुरुषापेक्षा स्त्रीला जास्त असते, हे अनेकांना नवल वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह लागते. कारण दर महिन्यास पाळीतून रक्त जाते. आपल्याकडची जेवणाची रीत मात्र उलटी आहे. पुरुष आणि मुले आधी जेवतात, सून सर्वांत शेवटी. भाजी संपलेली असते, मग भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर चहा. ज्या माणसाला लोहाची गरज दीडपट, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी. दिवसभर निंदणी-खुरपणी करणारी बाई संध्याकाळी दम लागतो म्हणते तेव्हा तो कामचुकारपणा नसतो.

लोह पोटात जाते, पण अंगी लागत नाही

धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांमधील लोहाचा दहावा हिस्साही शरीरात शोषला जात नाही. धान्य-कडधान्याच्या टरफलात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो. मांस, मासे, कलेजी यांतील लोह तुलनेने सहज मिळते. म्हणून जे खातात त्यांनी आठवड्यातून एखादे वेळी तरी घरातील बायका-मुलांच्या ताटात ते पडेल असे पाहावे. बाजारात मिळणारी सुकट किंवा सुके बोंबील यांनाही कमी लेखू नये.

शाकाहारी घरांनी घाबरण्याचे कारण नाही. तीन-चार साध्या युक्त्यांनी तेच धान्य जास्त उपयोगी पडते. मटकी, हुलगा, मूग, चवळी यांना मोड आणले की फायटेट कमी होते. जेवताना लिंबू पिळून घेतले, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो खाल्ला तर त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. लिंबू शिजवताना न घालता वाढताना पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. लोखंडी तवा आणि लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढावी. चुका, अंबाडी, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवले की कढईतील थोडे लोह भाजीत उतरते.

आणि चहा. जेवण झाल्याबरोबर चहा घेतला की चहातील टॅनिन जेवणातील लोह बांधून टाकते. शेतावर न्याहारीला भाकरी आणि त्यावर कपभर चहा ही आपली जुनी सवय. चहा सोडा असे सांगून कोणी सोडत नाही हे आम्हास ठाऊक आहे, म्हणून एवढेच सांगतो की जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. बाळाला बाटलीतून चहा पाजणे मात्र पूर्णपणे बंद केले पाहिजे.

पालक खाल्ला की रक्त वाढते, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. पालक जरूर खावा, त्यातून फॉलिक आम्ल आणि अ जीवनसत्त्व मिळते. परंतु त्यातील लोह शरीराला फारसे मिळत नाही. गूळ-शेंगदाण्याचेही तसेच. खाऊ म्हणून चांगला, पण चमचाभर गुळाने रक्तक्षय बरा होत नाही. एकदा रक्त खाली गेले की ते भरून काढण्यास लोहाच्या गोळ्याच लागतात, आहार ते पुन्हा खाली जाऊ देत नाही. म्हणजे उपकेंद्र आणि शिवार यांची कामे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक, अशा लोह व फॉलिक आम्लाच्या लाल गोळ्या उपकेंद्रातून मोफत मिळतात. शाळेतील किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी दिली जाते. या गोळ्या घराघरांत फळीवर पडून राहतात, कारण शौचास काळे होते आणि मळमळते. काळे होणे हा गोळीचा गुण आहे, त्यात धोका काही नाही. मळमळ होत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर झोपताना गोळी घ्यावी. दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

आणखी दोन गोष्टी येथेच सांगणे आवश्यक आहे. ओल्या रानात अनवाणी चालल्याने आकडीकृमी तळपायातून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. तेव्हा रानात पायताण घालावे, शौचालय वापरावे आणि जंतनाशक दिनी मुलांना गोळी चुकवू देऊ नये. दुसरे असे की सर्वच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही. विदर्भ, खानदेश व इतर आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे वारंवार दुखत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू झालेली आहे.

कणसातील लोह

कृषी विद्यापीठाने पोषणात काय करावे, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे एक चांगले उत्तर बाजरीत आहे. आयसीटीपी ८२०३ हा बाजरीचा जुना वाण आपल्या परिचयाचा आहे. त्यातूनच लोहाचे प्रमाण पाहून निवड करत करत राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील इक्रिसॅट यांनी 'धनशक्ती' हा वाण विकसित केला व तो २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. नेहमीच्या वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, धनशक्तीत ते ७० मिलिग्रॅमच्या वर आहे. जस्तही जास्त आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एएचबी १२०० हा लोहयुक्त संकरित वाणही त्याच तोडीचा आहे. ज्वारी खाणाऱ्यांसाठी त्याच विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा लोह व जस्त जास्त असलेला वाण दिला.

कागदावर लोह जास्त आहे म्हणून ते रक्तात उतरेलच असे नव्हे. म्हणून त्याची परीक्षा झाली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामीण निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचे दोन गट करण्यात आले. एका गटास लोहयुक्त बाजरीची व दुसऱ्या गटास साध्या बाजरीची भाकरी दररोज दोन वेळा देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीस ज्यांच्या शरीरात लोहाची कमतरता होती त्यांपैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून येण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटाच्या १.६ पट होती. औषध नाही, वेगळा पदार्थ नाही, तीच भाकरी. बदलले ते फक्त बियाणे.

हिशेब असा पाहा. तीन मध्यम भाकरींना साधारण २०० ग्रॅम पीठ लागते. साध्या बाजरीतून त्यात ९ ते १० मिलिग्रॅम लोह जाते, धनशक्तीतून १४ च्या आसपास. उरलेली भर मोडाची उसळ, पालेभाजी आणि लिंबू यांनी घालायची असते.

धनशक्ती हा संकरित नसून सुधारित वाण आहे, त्यामुळे घरचे बियाणे वापरता येते. पीक साधारण अडीच महिन्यांत तयार होते. मात्र बाजरीत परपरागीकरण होते, तेव्हा शेजारी दुसऱ्या वाणाची बाजरी असेल तर बियाणे शुद्ध राहत नाही. बियाण्यासाठी शेताच्या मधल्या भागातील, निरोगी झाडांची दोन-तीनशे भरदार कणसे वेगळी काढावीत. अरगटाची कणसे दिसल्यास ती काढून नष्ट करावीत. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी त्यात बुडवावे, तरंगणारे हलके व रोगट बी काढून टाकावे आणि तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. खाण्यासाठी दळताना आठवड्यापुरतेच पीठ दळून आणावे, बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते.

पेरणी कोण ठरवतो?

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आहारशिक्षणाचे वर्ग भरतात ते महिलांसाठी. सप्टेंबरमध्ये पोषण माह साजरा होतो, अंगणवाडीत भाज्यांची रांगोळी काढली जाते, छायाचित्र निघते, पाककृती स्पर्धा होते. त्यात वाईट काही नाही. परंतु त्या बाईने घरी जाऊन हुलगा, मटकी, राजगिरा शिजवावा म्हटले तर तो पेरलेलाच नसतो. पेरणी ठरवतात घरातील पुरुष. दूध डेअरीला किती घालायचे तेही पुरुषच ठरवतात. म्हणजे आपण शिक्षण एकाला देतो आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात ठेवतो. आमच्या मते आहाराच्या वर्गाला निम्मे पुरुष बसल्याशिवाय तो वर्ग पुरा झाला असे धरू नये.

पूर्वी बाजरीच्या ओळींत मटकी-हुलगा, कपाशीत तूर, ज्वारीत करडई, बांधाला अंबाडी आणि तीळ असा मेळ असे. तो कोणी आहारशास्त्र शिकून घातलेला नव्हता, पण त्यातून ताट आपोआप भरत असे. सलग सोयाबीन आणि सलग ऊस आल्यापासून पैसा आला आणि ताट मोकळे झाले. जुने दिवस परत आणा असे आमचे म्हणणे नाही. एकरभर सोयाबीनमधून दोन गुंठे घरच्या कडधान्यासाठी सोडले तर उत्पन्नात फारसा फरक पडत नाही, एवढेच म्हणणे आहे.

सोयाबीन आपण पिकवतो आणि पोत्यांनी विकतो, घरात मात्र दाणा वापरत नाही. त्यात जवळपास ४० टक्के प्रथिने आहेत. कच्चे सोयाबीन पचत नाही, म्हणून ते २० ते २५ मिनिटे पाण्यात उकळावे, पाणी ओतून द्यावे, उन्हात कडक वाळवावे आणि ९ किलो गव्हात १ किलो या प्रमाणात दळून आणावे. चपातीच्या चवीत फरक जाणवत नाही.

परसबागेसाठी गुंठाभर जागा असेल तर उत्तम, नसेल तर मोरीच्या पाण्यावर चार वाफेही पुरतात. राष्ट्रीय पोषण संस्था रोज माणशी १०० ग्रॅम पालेभाजी सुचवते. पाच माणसांच्या घराला रोज अर्धा किलो. ती विकत आणून परवडत नाही, हे खरे. मेथी, पालक, शेपू, चाकवत, माठ यांचे वाफे एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे एकदम भरपूर आणि मग काहीच नाही असे होणार नाही. कुंपणाला दोडका, घोसाळे, वाल. कोपऱ्यात शेवगा, पपई, कढीपत्ता आणि एक लिंबू. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला टाकून देतो. वास्तविक कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व पाल्यातच आहे. कोवळा पाला डाळीत, थालिपिठात, झुणक्यात घालावा. पावसाळ्यात उगवणारी तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा ही तण म्हणून उपटली जाणारी भाजी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून गावात आहेत, त्यांना विचारावे. तणनाशक मारलेल्या रानातील अशी भाजी मात्र खाऊ नये. शिवारात फवारणीस वापरलेला पंप परसबागेत आणू नये.

सहा महिने ते दोन वर्षे

मूल खुजे राहते ते बहुतांशी याच काळात. सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण होताच दुधाबरोबर वरचा आहार सुरू झाला पाहिजे. उशीर तरी होतो, नाहीतर डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज अशा पातळ पदार्थांनी बाळाचे पोट भरते पण त्याला ताकद मिळत नाही. डाळीचे पाणी हे मुख्यतः पाणीच असते. डाळ कुस्करून द्यावी.

बाळाचे पोट लहान असते, म्हणून थोड्या अन्नात जास्त सत्त्व हवे. यावर नाचणीचा जुना उपाय शास्त्रशुद्ध आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत सुकवून हलकी भाजावी व दळावी. मोड आल्यावर धान्यात जो पाचक घटक तयार होतो त्याने खीर घट्ट न होता सैल राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. सत्त्व काढताना वस्त्रगाळ करून चोथा टाकण्याची पद्धत आहे. त्या चोथ्याबरोबर खनिजेही जातात, तेव्हा आठव्या-नवव्या महिन्यानंतर गाळण्याची गरज नाही. खिरीत, खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे. अडीचशे मिलिलिटरची वाटी धरली तर सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन ते तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी ते पाऊण वाटी, तीन ते चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन ते चार वेळा आणि मध्ये एखादे फळ किंवा खाऊ. अंडे, दही, कुस्करलेली केळी चालतात. डेअरीला दूध घालण्याआधी या पोराचे पावशेर दूध बाजूला काढून ठेवावे.

सुगीच्या दिवसांत आई सकाळी रानात जाते ती संध्याकाळी येते आणि लहानग्याला सहा-सात वर्षांची बहीण सांभाळते. काम अडते म्हणून आईस घरी बसवता येत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण बाळाचे जेवण कोण देणार, किती वेळा देणार, हे आजी-आजोबांशी बोलून ठरवलेले असावे. बैलांच्या वैरण-पाण्याची वेळ आपण चुकवत नाही.

जामखेडचा अनुभव

शेती आणि आरोग्य एकत्र आल्यावर काय होते, ते पाहण्यास परदेशात जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका दुष्काळी. दवाखाना काढला, पण लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. तेव्हा डॉक्टरांनी औषधापासून नव्हे तर तेथून सुरुवात केली. गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. विहिरींची, जमिनीची, झाडांची कामे तेथे बोलली जात आणि त्याच बैठकीत मुलांची वजने, लसी, गरोदर स्त्रिया हे विषय येत. काही शेतकऱ्यांनी आपल्या रानाचा तुकडा मुलांच्या आहारासाठी लागणारे धान्य पिकवण्यास दिला. मंडळातील पुरुष मुलांच्या वजनाच्या वेळी काट्याशी उभे राहू लागले. त्यानंतर महिला मंडळे आली.

प्रत्येक गावाने आपल्यातून एक आरोग्य कार्यकर्ती निवडली. यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या आणि बऱ्याच जणी गावाने आजवर दूर ठेवलेल्या जातींमधील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात नेत. १९७१ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण तिशीच्या आत आले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर गावोगावी जी आशा कार्यकर्ती दिसते, तिच्यामागील कल्पना अशा प्रयोगांतूनच पुढे आली.

यात आपल्यासाठी लक्षात घेण्याजोगी बाब आरोग्य कार्यकर्तीची नाही, ती सर्वांना माहीत आहे. शेतकऱ्यांचे मंडळ आधी उभे राहिले, ही आहे. पोषण ही बायकांची बाब म्हणून त्यांच्यावर सोपवून पुरुष पारावर बसले नाहीत.

आपल्या गावात कोण काय करते?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज बहुतेक प्रत्येक गावात अंगणवाडी आहे, तरीही अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याचे ठिकाण एवढीच अनेकांची समजूत आहे. सेविकेचे मोठे काम वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजण्याचे आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलास ग्राम बाल विकास केंद्रात किंवा आजारी असल्यास रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. मजुरी बुडते म्हणून अनेक आया तेथे राहत नाहीत. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी त्या आठ-पंधरा दिवसांची कामे वाटून घेतली तर मूल वाचते. दोन महिने लागोपाठ वजन वाढले नाही तरी वाट पाहू नये.

आरोग्यसेविका उपकेंद्रात लस देते, रक्त व रक्तदाब तपासते, गोळ्या देते. आशा घरोघरी फिरते. महिन्यातून एकदा या तिघी अंगणवाडीत एकत्र येतात, तो ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस. त्या दिवशी मजुरीचे काम लावू नये, हे गावाने ठरवले तरी उपस्थिती वाढते. कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान विषयाच्या तज्ज्ञांना याच दिवशी बोलवावे, म्हणजे एकीकडे रक्त तपासले जाते आणि दुसरीकडे परसबागेचे बियाणे व मोडाच्या पिठाचे प्रात्यक्षिक होते. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या खात्यांची शिबिरे झाली की बायकांची मजुरी मोडते आणि सांगितलेले एकमेकांशी जुळतही नाही. एक खाते गोळी खा म्हणते, दुसरे भाजी खा म्हणते, आणि ऐकणारी दोन्ही सोडून देते.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. ती बहुधा कोठे जाते हे आपण जाणता. त्यातून अंगणवाडीला वजनकाटा दुरुस्त करून देणे, अंगणवाडीच्या आवारात नळाचे पाणी आणि परसबागेसाठी कुंपण करणे, बचत गटाकडून मोड आणलेल्या नाचणीचे पीठ दळून घेणे ही कामे होऊ शकतात.

यासाठी १ मेची ग्रामसभा सोयीची आहे, कारण पुढे महिन्याभरात पेरणीची तयारी लागते. तत्पूर्वी होणाऱ्या महिला सभेत सेविकेकडून गावातील वजन न वाढणाऱ्या मुलांची संख्या आणि आरोग्यसेविकेकडून रक्त कमी असलेल्या स्त्रियांची संख्या मागून घ्यावी, नावे नकोत. हे दोन आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि किती घरे यंदा गुंठा-दोन गुंठे लोहयुक्त बाजरी किंवा ज्वारी व घरची कडधान्ये पेरणार, त्यांची यादी तेथेच करावी. यादी हातात असली की सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्राकडे एकत्र मागणी नोंदवता येते. मागणी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोहोचावी, जूनमध्ये गर्दी होते.